सलोख्याचा दस्त

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वहिवाट आणि सात-बारा तंतोतंत जुळणारी घरं शोधायला गेलात तर थोडीच सापडतील. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा कागदावर एकाचं दुसऱ्याकडं गेलं. त्याच्याही आधी भावांनी बांधावर बसून 'तू ओढ्याकडचं कस, मी माळाकडचं कसतो' असं तोंडी ठरवलेलं. आमचंही तसंच. ओढ्याकडचा गट आम्ही कसतो, पण कागदावर तो चुलतसासऱ्यांच्या घराचा. माळाकडचा ते कसतात आणि तो आमच्या नावावर. दोन पिढ्या कुणाचं काही अडलं नाही. कागद पेटीत होता, माणसं रानात होती.

2021 च्या पावसाळ्यात आमचे हे गेले. वारसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो म्हणून मुलानं पुण्याहून येऊन तो दिला. तलाठ्यांनी नोंद धरली, नोटीस निघाली. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. मुदत संपायच्या तोंडावर हरकत आली, ती माझ्या चुलतदिरांची.

हे मोठे, ते धाकटे. म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. पंचवीस वर्षं त्यांच्या पानात मी वाढलेलं. त्यांच्या हरकतीत दोन मुद्दे होते. एक, मुलगी लग्न होऊन गेली, तिचं नाव लावू नये. दुसरा, माळाच्या गटावर ताबा आमचा आहे, तिथं यांच्या वारसांची नावं चढवू नयेत. आणि त्याच आठवड्यात वकिलाकडून वेगळी नोटीस आली, की ओढ्याकडचा गट आमच्या नावावर आहे, तो खाली करा. म्हणजे एक रान कब्ज्यानं घ्यायचं, दुसरं कागदानं. हिशेब सरळ होता.

मंडळ अधिकाऱ्यांकडं सुनावणी झाली. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे, त्यात नवीन काही नाही. ताब्याचा वाद वारस नोंदीत काढता येत नाही, असं म्हणून हरकत फेटाळली गेली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी, मुलगा, मुलगी अशी चार नावं सात-बारावर आली. हे मी मुद्दाम आधी सांगते. पुढं जे काही केलं ते माझं नाव कागदावर आल्यानंतर केलं. बाईनं पोटात घालावं अशी गावाची अपेक्षा फार लवकर असते. नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मला तीन-चार जणांनी 'सोडून द्या' म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एकानंही भाऊजींना जाऊन 'हरकत काढून घे' म्हटलं नव्हतं. हातात काही नसताना सोडून दिलं असतं, तर त्याला माझ्या मनात मी माफी म्हटलंच नसतं.

हरकत फेटाळल्यावर त्रास वाढला. ओढ्याकडं जायची वाट त्यांच्या बांधावरून जाते. ऐन द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, रोज फवारणीचा ट्रॅक्टर न्यायचा असतो त्या दिवसांत, तिथं चर खणली आणि बाभळीच्या काट्या टाकल्या. तहसीलदारांकडं अर्ज केला. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तसा करता येतो. स्थळपाहणी झाली, वाट मोकळी करायचा आदेश निघाला. तोवर डोक्यावरून औषधाचे डबे नेले, पाठीवरच्या पंपानं बाग फवारली. डाउनी रोगानं थोडे घड गेले, बाकी वाचले.

डेअरीपुढचं बोलणं मात्र आदेशानं मिटणारं नव्हतं. सकाळी दूध घालायला रांगेत उभी होते. भाऊजी चार लोकांत म्हणाले, "मालक गेल्यावर बायकांनी रानात मिरवायचं नसतंय." मी काही बोलले नाही. घरी आले, भाकरी थापायला बसले आणि परातीतलं पीठ तसंच ठेवून उठले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

वकिलांनी सांगितलं, दावा लावायचा तर घटनाक्रम लिहून आणा, तारखेसह. मी मुलाची जुनी दोनशे पानी वही घेतली आणि रात्री बसून लिहायला लागले. वही बघता बघता भरत गेली. मग एकदा सगळं परत वाचताना पेन्सिलीनं खुणा करायला लागले. कशात पैशाचं, पिकाचं, जमिनीचं नुकसान झालं. कशात फक्त अपमान झाला. आणि कशात नक्की काय झालं ते मलाही ठाऊक नाही. तिसऱ्या खुणा सगळ्यात जास्त निघाल्या.

त्यातली मोठी खूण टू-फोर-डीची. आमच्या बागेला लागून त्यांचा उसाचा एक तुकडा आहे. उसातल्या रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी मारतात, आणि द्राक्षाला ते औषध सगळ्यात वाईट. वाऱ्यानं नुसता वास आल्यासारखं आलं तरी कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, शेंडा थांबतो. त्या वर्षी बागेच्या पश्चिमेकडच्या ओळी अशा झाल्या. त्यांनी मुद्दाम वारा बघून मारलं, असं मी वहीत लिहिलं होतं. शेजारच्या गावातही दरवर्षी दोन-चार बागांना असा झटका बसतो आणि तिथं कुणाचं कुणाशी भांडण नसतं, हेही मला माहीत होतं. पण ते मी लिहिलं नव्हतं. वकिलांनी वही चाळली आणि म्हणाले, "ताई, तुमचं नुकसान कोर्टात चालेल. अपमानाचं बघू. संशयाचं काय करणार? त्याला साक्षीदार कुठून आणणार?"

मुद्दाम केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण त्या दिवशी तासगावहून एसटीनं येताना एवढं ठरवलं, की जे सिद्ध करता येत नाही त्याचं ओझं रोज रात्री उराशी घेऊन झोपायचं नाही. नुकसानीच्या खुणा ठेवल्या, त्यांच्या मागं लागले. संशयाची पानं वहीतच राहिली, मी ती उघडणं बंद केलं. हे एका रात्रीत झालं नाही. कितीतरी वेळा वही हाताशी आली की तेच पान निघायचं.

अपमानाचं काही सुचत नव्हतं. तंटामुक्ती समितीनं दोघांना बोलावलं. गावोगाव 2007 पासून या समित्या आहेत, काही ठिकाणी चांगलं काम करतात. आमच्या बैठकीत मात्र भाऊजी आलेच नाहीत आणि अध्यक्ष मलाच समजावत बसले, "वहिनी, तुम्ही मोठ्या, तुम्ही पदरात घ्या." मी विचारलं, काय घेऊ पदरात? उत्तर नव्हतं. त्याच सुमाराला गावात सप्ताह बसला. महाराजांचं कीर्तन रंगलं होतं, विषय क्षमेचाच. आणि पहिल्या ओळीत टाळ घेऊन उभे कोण, तर आमचे भाऊजी. अशा चालीत वाजवत होते, की मला हसू आवरेना. शेजारणीनं कोपरानं ढोसलं. खरं सांगते, रागाला पहिली चीर तिथं पडली. ज्याच्यावर हसू येतं त्याच्यावर आधीसारखं जळता येत नाही.

आत्याबाईंचं मत वेगळं होतं. त्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी मिटवण्याचं बोलले तर म्हणाल्या, "मी मेल्यावर मिटवा. माझ्या लेकाच्या सुतकात त्यानं कागद काढला." त्यांना मी काही समजावलं नाही. मुलाच्या आईला तसं वाटणं चूक आहे, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मग 2023 च्या एप्रिलमधला अवकाळी आला. आमच्याकडं त्या दिवसांत बेदाण्याचं काम असतं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडच्या जाळ्यांवर पसरायची, मग पंधरवडाभर वारा आणि ऊन यांच्या भरवशावर राहायचं. त्यात पाऊस घुसला की हिरवा माल काळा पडतो आणि सौद्यात त्याला कुणी विचारत नाही. दुपारी चारला ढग आले तेव्हा आमचा माल खाली काढून पोत्यात भरून झाला होता. भाऊजींच्या शेडवर नुकताच टाकलेला होता आणि वाऱ्याकडच्या बाजूच्या ताडपत्र्या फाटलेल्या. हे मला दिसत होतं, कारण त्यांचं शेड आमच्या बागेतून समोरच दिसतं.

माणूस म्हणून मी मोठी आहे असं काही नाही. मला राग होता. पण माल कुणाचाही असो, जाळीवरचा बेदाणा भिजताना मला बघवत नाही. वर्षभराची मेहनत असते ती. आमच्या कामावरच्या बायकांना म्हटलं, "चला ग, ताडपत्र्या उचला." भाऊजी शेडवर चढलेले होते. मला बघून थांबले. मी म्हटलं, "वारं पश्चिमेचं आहे, तिकडून आधी बांधा." तेवढंच. आम्ही दोरी आवळत होतो तोवर पाऊस आलाच. थोडा माल भिजला, बराच वाचला. ते 'बरं केलंत' म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही.

आठ-दहा दिवसांनी धाकटी जाऊ ताडपत्र्या घेऊन आली. धुऊन, वाळवून, घडी घालून. उंबऱ्याबाहेरच उभी. मी म्हटलं, "आत ये, चहा घे." ती बसली. बोलता बोलता रडायला लागली, मग स्वतःच पदरानं डोळे पुसून म्हणाली, "अक्का, ह्येंच्या मनात भीती हाय. माळाचा गट तुमच्या नावावर. उद्या तुमच्या पोरानं इकला तर आमी कुटं जायचं?"

मी दोन वर्षं त्यांचा लोभ बघत होते. भीती मला दिसली नव्हती, कारण त्यांनी ती दाखवली नव्हती. भीतीमुळं लोभ पुण्य ठरत नाही. डेअरीपुढचं बोलणंही त्यानं धुतलं जात नाही. पण भीतीवर इलाज करता येतो. तो कागदानंच करता येत होता.

त्याच वर्षी जानेवारीत सरकारनं सलोखा योजना काढली होती. तहसीलच्या फलकावर वाचली होती, तेव्हा मनावर घेतली नव्हती. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चालत आलं असेल तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करायचा. एरवी अशा दस्ताला बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क बसतं, म्हणून लोक तोंडीच चालवतात आणि पुढच्या पिढीला भांडण ठेवून जातात. या योजनेत मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. फक्त शेतजमिनीला लागू. दोन्हीकडचं क्षेत्र सारखं असायची अट नाही. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंची संमती लागते. कोर्टात मी एकटी जाऊ शकत होते. इथं त्यांच्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

क्षेत्राचा मुद्दा मोठा होता. आमच्या नावावरचा माळाचा गट 1 हेक्टर 4 आर, ओढ्याकडचा 98 आर. आर म्हणजे जवळपास गुंठाच. अदलाबदल केली की कागदावरचे सहा गुंठे माझ्याकडून जाणार. वकील म्हणाले, पैसे मागा. मुलगा म्हणाला, "आई, वर आपणच द्यायचं?" मी दोन रात्री विचार केला. ते सहा गुंठे आम्ही कधी नांगरले नव्हते. माझं रान ओढ्याकडचं, तिथली बाग यांनी लावलेली. तिला पक्का कागद मिळत असेल तर माळाच्या सहा गुंठ्यांसाठी मी आणखी दहा वर्षं तारखा करणार नव्हते. मुलाला तसं सांगितलं. दोन गोष्टी मात्र सोडल्या नाहीत. ओढ्याची वाट दस्तात लिहायची आणि सामाईक विहिरीतला अर्धा हिस्सा सात-बाऱ्याच्या इतर हक्कात राहिला पाहिजे.

निरोप जावेकडूनच दिला. भाऊजी स्वतः आले, ओट्यावर बसले, मान खाली. म्हणाले, "वैनी, सा गुंठं देताय, त्यात काय गोम?" मी म्हटलं, "गोम नाही. वाट आणि विहीर लिहून पाहिजे. आणि डेअरीपुढं जे बोललात ते परत बोलायचं नाही. माझ्यापुढंही नाही आणि माझ्या लेकीपुढंही नाही." बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्ये चुकलंच." एवढंच. माफी कशी असते, कशी मागायची असते, याचे पुस्तकी नमुने मी ऐकले आहेत. हे त्यात बसत नाही. मला पुरलं.

पुढचं काम कागदाचं. तलाठी आणि मंडळ अधिकारी रानात आले, दोन्ही गटांचा पंचनामा झाला. कोण कसतं, किती वर्षं कसतं, ते लिहून घेतलं. चतुःसीमेच्या शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. एक शेजारी सही करताना कुजबुजला, "सहा गुंठं फुकट घातलंसा की हो." सोसायटीचं पीककर्ज दोन्ही गटांवर होतं, त्याच्या संमतीला सगळ्यात जास्त वेळ गेला. आत्याबाई वारस म्हणून दस्तात हव्याच होत्या. आठवडाभर अबोला धरून शेवटी म्हणाल्या, "नातवासाठी करते, त्याच्यासाठी न्हाई." दस्त वाचून दाखवल्यावर मात्र त्यांनी विहिरीचं कलम पुन्हा वाचायला लावलं.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन्ही घरं एका बाकावर बसली, कारण दुसरा बाक मोडलेला होता. भाऊजींचा अंगठा मशीन घेईना. गंधक आणि चुना हाताळून रेषाच उरल्या नव्हत्या. ऑपरेटर वैतागला. मी पर्समधली व्हॅसलिनची डबी काढून दिली, अंगठा पुसून थोडं लावा म्हटलं. तिसऱ्या खेपेला लागला. ऑपरेटरनं विचारलं, "बहीण का?" भाऊजी म्हणाले, "वैनी हायत." पंचवीस वर्षं ऐकत आलेला तो शब्द मला त्या दिवशी परका वाटला नाही, पण फार गोडही वाटला नाही. आत्याबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

नोंद धरली, नोटीस निघाली, पुन्हा ते पंधरा दिवस. या वेळी हरकत आली नाही. नवे सात-बारे मुलानं मोबाईलवर दाखवले, मी तरी छापून आणायला लावले.

वाटेचा निकाल तहसीलदारांकडं आधीच लागला होता. नुकसानीचा दावा लावलाच नव्हता, तो लावला नाही. लेकीनं विचारलं, "मग आता तू त्यांना माफ केलंस का?" खरं उत्तर असं, की काही दिवशी केलेलं असतं आणि काही दिवशी नसतं. डेअरीवर त्या जागी उभी राहिले की अजून अंग ताठतं. पण त्यांच्या घरी धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हळदीला मी गेले, जात्याला हात लावला, आणि जाताना मन घट्ट करावं लागलं नाही. आत्याबाई आल्या नाहीत. त्यांचं पान घेऊन जाऊ स्वतः घरी आली. आत्याबाईंनी ठेवून घेतलं. खाल्लं की नाही, मी बघितलं नाही.

भाऊजी बदलले असं म्हणणार नाही. नांगर अजून बांधाला घासून जातो, म्हणून मी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घेतले. त्यांना आधी सांगून, त्यांच्यासमोर. विहिरीच्या मोटरचं लाईटबिल अर्धं-अर्धं ठरलंय. गेल्या खेपेला त्यांनी दोनशे रुपये कमी दिले, म्हणाले, "आमच्या पाळीत दोन दिस लाईट नव्हती." मी हिशेबाची वही काढली, त्यांच्यासमोर दोनशे लिहून ठेवले. पुढच्या बिलात मागणार आहे.